बिनशपथेची साक्ष

आमच्या घरी गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नाला चार माणसं जमली, वीज गेली, जावई आला, की कोणीतरी म्हणतंच, ती तलावाची सांगा. मी सांगतो, आणि दर वेळी मासोळी थोडी मोठी होते. बायको आतून विचारते, मागच्या खेपेला हाताएवढी होती ती आज पायाएवढी कशी झाली. मी म्हणतो, इतक्या वर्षांत वाढणार नाही का? पण आज जे लिहितो आहे त्यातल्या मासोळ्या बोटाएवढ्याच होत्या आणि त्या मेल्या. वाढवायला जागाच नाही. शिवाय ही गोष्ट खरं म्हणजे काय याबद्दलचीच आहे, तेव्हा तिच्यात मीठ घालणं बरं दिसणार नाही. ज्या सकाळी ती घडली त्या सकाळचा धक्का माझ्या अंगातून अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाव मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, तलावाच्या काठाला. आम्ही ढिवर. तलावातली मासोळी आणि तलावाखालची धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, एवढ्यावर घर चालायचं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी चंद्रपूरला राहून तत्त्वज्ञानात एम. ए. करत होतो. ढिवराच्या पोरानं तत्त्वज्ञान कशाला घेतलं हे गावाला कळलं नाही. मलाही नीटसं कळलं नव्हतं. बाकीच्या विषयांच्या खिडकीपुढं गर्दी होती, एवढं आठवतं. एका पेपराला ख्रिस्ती चिंतन होतं. सत्य म्हणजे विचार आणि वस्तू यांचा मेळ, असं एक वाक्य मी त्यासाठी पाठ केलं होतं, आणि सुटीत गावी आलो की ते आईला, शेजाऱ्यांना आणि कोणी नसलं तर म्हशीला ऐकवत होतो. म्हैस तेवढी शेवटपर्यंत ऐकायची.

ते वाक्य मी एकदा बाईंवर टाकलं. बाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. ऐन जवानीत केरळातून आल्या आणि आमच्यातच म्हाताऱ्या झाल्या. गावातल्या निम्म्या लोकांची नाळ त्यांनी कापलेली, त्यात माझीही. आमची बोली त्या आमच्याहून ठसक्यात बोलायच्या, फक्त सूर दक्षिणेचा, त्यामुळे रागावल्या तरी भजन चाललंय असं वाटायचं. रविवारची प्रार्थना आटोपली की त्या आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि आईच्या हातची मासोळी खात. आईला त्या मोठ्या बहिणीसारख्या आणि बाबांना तर फारच अभिमानाच्या. गावात कोणी काही पैज लावली की बाबा म्हणायचे, चला बाईकडे, बाईचा शब्द म्हणजे शब्द.

माझं वाक्य ऐकून बाईंनी काटा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाल्या, तुझ्या पुस्तकात सत्य काय असं विचारतात. आमच्या प्रभूला क्रुसावर द्यायच्या आधी एका रोमन सुभेदारानंही असंच विचारलं होतं आणि उत्तर ऐकायला न थांबता बाहेर निघून गेला. सत्य त्याच्या पुढ्यातच उभं होतं, हात बांधलेलं.

बाबा जाळं विणत होते. त्यांचा हात थांबला. "म्हंजे माणूस?"

"माणूसच, भाऊ. आमच्यात सत्य काय असं नाई विचारत. सत्य कोण, असं विचारतो."

बाबांनी यावर बराच विचार केला. मग विचारलं, "मंग ते जेवतेबिवते का?"

"जेवते ना. मेल्यावर उठून आला, तवा तलावाच्या काठी विस्तव पेटवून बसला होता. जाळेवाल्यांसाठी मासोळ्या भाजत."

झालं. बाबा त्या दिवसापासून गावभर सांगत सुटले की बाईंचा देव परका नाही, तो आपल्यासारखाच तलावकाठचा आहे आणि त्याला मासोळी चालते. मी मात्र शहाणा. मी बाईंना पेचात पकडायला बघितलं. समजा, एखादा कुऱ्हाड घेऊन आला आणि त्यानं विचारलं की या पोराचा बाप कुठी लपला. तुम्हाला ठाऊक आहे. खोटं बोलाल की नाही? बाई म्हणाल्या, सांगीन, ठाऊक हाय पण सांगत नाई. मी म्हटलं, तो तुम्हाला मारील. "मंग मरीन," बाई म्हणाल्या. "तुझा बाप वाचला ना? तू काऊन रडून राह्यला?" पुढं कळलं की शेकडो वर्षांपूर्वी एका बिशपनं हेच केलं होतं असं ख्रिस्ती परंपरेत सांगतात. परीक्षेत मी ते उत्तर बिशपच्या नावावर लिहिलं. बाईंच्या नावाला गुण कोण देणार?

आता तलावाची रीत सांगायला हवी. तलाव गावातल्या सगळ्या जाळेवाल्यांचा सामाईक. श्रावणात त्यात बोटुकली सोडायची, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणि ती मोठी होईपर्यंत तलावाच्या दाराला कोणी परस्पर हात लावायचा नाही. दार म्हणजे पाळीतली लाकडी फळ्यांची मोरी, तिच्यातून पाणी खाली बांध्यांत उतरतं. धानाला पाणी कधी द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि द्यायचं तर आधी दारापुढं बारीक जाळी बांधायची. ही रीत ज्यानं मोडली त्याचं जाळं पाळीवरच्या मोहाच्या झाडाला टांगायचं. वर्षभर ते तिथंच वाळायचं. तोवर त्याला तलावात उतरायचं नाही, वाटणीत हिस्सा नाही आणि जाळेवाल्यांच्या पंगतीत पाटही नाही. लहानपणी मी एकदा असं टांगलेलं जाळं पाहिलं होतं. त्या घरातली बाई तलावावर पाणी भरायला आली की मान वर करत नसे.

आणि साक्षीची रीत अशी होती. ज्याच्यावर आळ आला त्यानं स्वतःसाठी शपथ घ्यायची नाही, कारण स्वतःला वाचवायला कोण शपथ घेणार नाही? त्याच्यासाठी दुसऱ्यानं साक्ष द्यायची. साक्षीदारानं तलावात गुडघाभर पाण्यात उतरायचं, जाळ्याची कड हातात धरायची आणि मग बोलायचं. पाण्यात उभं राहून, जाळं धरून जो खोटं बोलेल त्याला हे पाणी पुन्हा मासोळी देणार नाही, अशी समजूत. पाण्याबाहेर जे बोललं जातं ते नुसतं बोलणं. त्यात मासोळी कितीही मोठी करा, कोणी हरकत घेत नाही. माझा सगळा धंदा त्यावरच चालला आहे.

त्या वर्षी पाऊस ऐन वेळी दडी मारून बसला. धान पोटरीत आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात, आणि बांध्यांना भेगा. एका सकाळी लोक उठले तर तलावाचं दार उघडं, पाणी खाली निम्म्या बांध्यांत पसरलेलं आणि धानाच्या बुडाशी चिखलात बोटुकली तडफडून मेलेली. मी तेव्हा सुटीत घरीच होतो. पांढरी पोटं वर करून पडलेली ती पिल्लं दुरून कोणीतरी तांदूळ सांडल्यासारखी दिसत होती. कावळ्यांची चंगळ झाली.

दाराखालची पहिली बांधी आमची. त्यामुळे बोट आमच्याकडे वळलं. बाबा म्हणाले, मी त्या पहाटे तिथं नव्हतोच, मी दवाखान्यात होतो. त्यांच्या बोटाला खरंच पट्टी होती. मासोळीचा काटा लागला म्हणून बाईंकडून बांधून आणली, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. आईनं पट्टीवरूनच हळदही लावली होती. मला तर शंका यायचं कारणच नव्हतं. माझे बाबा आणि रीत मोडणार? पंचांचा मुखिया म्हणाला, साक्षीदार आणा, रविवारी सकाळी तलावावर बसू. बाबा म्हणाले, बाईच साक्ष देतील.

आदल्या संध्याकाळी मी बाबांबरोबर दवाखान्यात गेलो. बाई सुया उकळत होत्या. बाबांनी सगळं सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मले नको बोलवू, भाऊ."

बाबा हसले. परतताना मला म्हणाले, बाईमाणूस आहे, पंचांपुढं बोलायला लाजून राहिली. जिनं अर्ध्या पंचांना जन्मल्यावर उलटं धरून रडवलं होतं ती त्यांच्यापुढं लाजेल, हे आम्हा दोघांनाही पटलं. आमच्या घराण्यात डोकं असं चालतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी आमच्याकडे साक्ष देणं म्हणजे बाजूनं उभं राहणं, एवढाच अर्थ होता. कोणाच्या बाजूनं हे ठरलं की काय बोलायचं ते आपोआप ठरतं. बाई आमच्या होत्या. त्यांनी आमच्या ताटातलं खाल्लं होतं. मग प्रश्न कुठं उरला?

रविवारी सगळं गाव पाळीवर. बाई प्रार्थना उरकून पांढऱ्या साडीत आल्या. मुखियानं पाण्याकडे हात केला. बाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, मी शपथ घेत नाही. आमच्या प्रभूनं शपथ घेऊच नका असं सांगितलंय. होय तर होय म्हणा, नाही तर नाही म्हणा.

लोकांत कुजबुज झाली. शपथ घेत नाही म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे, असं आमच्याकडे कोणालाही वाटणार. एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, पाण्यात उतरायला साडी भिजते म्हणून का? लोक हसले. तेव्हा बाबा उठले आणि त्यांनी जन्मात केलं नव्हतं असं भाषण केलं. म्हणाले की आपण पाण्यात उभं राहिल्यावर तेवढं खरं बोलतो, बाई बारा महिने खरं बोलतात. त्यांचा एकेक शब्द पाण्यात उभं राहून बोलल्यासारखाच असतो, म्हणून त्यांना वेगळी शपथ लागत नाही. मी थक्क झालो. दोन वर्षं पुस्तकं घोकून मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते बाबांनी एका दमात मांडलं, आणि तेही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायच्या आधी.

मुखिया म्हणाला, बोलू द्या बाईंना, धरायचं की नाही ते मागून पाहू. बाबा बाईंकडे वळले. "सांगा, बाई. त्या दिवशी मी तुमच्याकडे होतो ना?"

बाईंनी पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आता आठवलं की कळतं, ते पाहणं शेवटची संधी देण्याचं होतं. तेव्हा मला वाटलं, उन्हामुळे डोळे बारीक केले असतील.

"आला होता," बाई म्हणाल्या. "पण ऊन वर आल्यावर. पहाटे मी पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतून बाळंतपण करून पाळीनं येत होती. तवा तू दाराजवळ होता, भाऊ. पाण्यात. फळी लावून राह्यला होता."

माझ्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. लोकांची तोंडं हलताना दिसत होती, पण आवाज येत नव्हता. आईनं पदर तोंडात धरला होता. बाबांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर राग नव्हता. एखाद्याच्या घरात वर्षानुवर्षं ये-जा असावी आणि एके दिवशी भिंतीतून दुसरंच दार उघडावं, तसे ते बाईंकडे बघत होते. मला धक्का कशाचा बसला, हेही लगेच उमगलं नाही. बाबांनी दार उघडलं याचा, की बाईंनी ते सांगितलं याचा? लाज वाटते, पण दुसऱ्याचा जास्त बसला होता. बाबांचं पाप मी त्याच क्षणी माफ करून टाकलं आणि बाईंचं खरं बोलणं मला माफ करता येईना.

मग काका उठला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, भांडणात पटाईत. म्हणाला, बाई पाण्यात उतरल्या नाहीत, त्यांनी जाळ्याला हात लावला नाही. मग ही साक्ष कशी? हे नुसतं बोलणं झालं. बाया नळावर बोलतात तसं.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मी अपेक्षा केली होती की ते काकाला खाली बसवतील. कोणी बसवलं नाही. मुखियाचीही बांधी दाराखालीच होती आणि त्या दिवशी तिलाही पाणी पोचलं होतं. बाकीच्यांपैकी कोणालाही बाबांचं जाळं झाडावर बघायची हौस नव्हती. मुखियानं घसा साफ केला आणि सांगून टाकलं की रीत ती रीत. बिनशपथेचं बोलणं धरता येत नाही, साक्ष झालीच नाही, आळ सुटला.

सगळ्यांनी ऐकलेलं होतं, सगळ्यांना पटलेलं होतं, आणि ते झालंच नव्हतं असं ठरलं. आणि मी? मीही उठलो. एम. ए.चं शिक्षण पहिल्यांदाच कामाला येत होतं. मी म्हटलं, मुखिया बरोबर बोलतात, विधान वेगळं आणि साक्ष वेगळी. साक्षीला विधी लागतो, विधी नसेल तर विधान खरं की खोटं हा प्रश्नच निघत नाही. अजून दोन-तीन वाक्यं तयार होती. पण लोक माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या पाठीमागं बघत होते.

मी वळलो. बाबा पाण्यात होते. चप्पल काठावर काढून ठेवली होती, धोतर भिजलं होतं, आणि त्यांनी जाळ्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. ज्याच्यावर आळ त्यानं पाण्यात उतरायचं नसतं. तशी कोणाची हिंमतच झाली नव्हती, त्यामुळे त्याला अडवायचं कसं याची रीतही कोणाकडे नव्हती. मुखियाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"दार मीच उघडलं," बाबा म्हणाले. "घडीभर पाणी देऊन लावून टाकीन म्हटलं. फळी फुगली, बसेचना. बाई खोटं नाई बोलल्या." मग पंचांकडे वळून म्हणाले, "माझ्यावरचा आळ गेला असता तर मले चाललं असतं. पण तुमी बाईचा शब्द नळावरचा करून राह्यले. ते नाई चालणार."

काकानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मी हळूच खाली बसलो. माझी तयार वाक्यं तशीच राहिली, अजूनही आहेत, कोणाला हवी असतील तर देईन.

बाबा पाण्यातून बाहेर आले, स्वतःच्या हातानं जाळं उचललं आणि मोहाच्या फांदीला टांगलं. मुखियाला ते करायला सांगावं लागलं नाही. घरी जाताना आई सगळ्यांच्या पुढं चालली होती, पाठ ताठ करून. पण तलावापुढून जाताना तिची मान खाली गेलीच.

ऊन उतरल्यावर अंगणात पावलं वाजली. मी पाहिलं आणि पुन्हा थक्क झालो. बाई होत्या. हातात पट्टीचा डबा. मला वाटलं होतं, या बाई आता वर्षभर आमच्या आळीत फिरकणार नाहीत, फिरकल्या तर निदान मान खाली घालून. त्या नेहमीसारख्या आल्या आणि ओसरीवर नेहमीच्या जागी बसल्या.

आई दारात उभी राहिली. "बाई, आता कोणत्या तोंडानं आल्या?"

"त्याच तोंडानं. दुसरं नाई माझ्याजवळ," बाई म्हणाल्या. "पट्टी बदलायचा दिवस हाय."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, मला वाटलं होतं बाई आपल्या. बाई म्हणाल्या, आपलीच हाय, म्हणून तर बोलवू नको म्हटलं होतं, आणि म्हणूनच आली. तू स्वतःहून सांगशील म्हणून इतके दिवस वाट पाहून राह्यली होती. एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि हात पुढं केला. बाबांनी आपलं बोट त्यांच्या हातात दिलं.

जुनी पट्टी निघाली. जखम मी पहिल्यांदाच नीट पाहिली. काट्याची जखम टोचल्यासारखी असते, हे ढिवराच्या पोराला सांगावं लागत नाही. ही चेंगरलेली होती, नख काळं पडलेलं. बाईंनी ती पहिल्या दिवशीच पाहिली होती. त्या वेळी त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, आणि बाबांनी मासोळीचा काटा असं उत्तर दिलं होतं. बाईंनी त्यावर फक्त पट्टी बांधून दिली होती. हे सगळं आम्हाला बाबांनीच मागाहून सांगितलं.

आता त्यांनी औषधाचा बोळा लावला, बाबा कळवळले, आणि बाईंनी मान वर न करता तेच पुन्हा विचारलं.

"कशानं लागलं होतं, भाऊ?"

बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फळीनं," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि नवी पट्टी गुंडाळायला घेतली. आईनं त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही, पुढचे कित्येक रविवारही विचारला नाही. बाई तरी येत राहिल्या. बाबांना तलाव बंद म्हणून ते माजरीकडे खाणीच्या ठेकेदाराकडे मजुरीला गेले. सुटीला घरी आले की आधी पाळीवर जाऊन मोहाच्या झाडाखाली उभे राहत, टांगलेलं जाळं वाऱ्यानं गुंतलं असेल तर खालून काठीनं सोडवत. मग दवाखान्याकडे वळत. बोट केव्हाच बरं झालं होतं.